एका लॅपटॉपातले दोन उत्तरेश्वर

"सगळी खराडी लुटली जाईल, पण माझ्या मेलला कुणी बोट लावू शकणार नाही!" हे वाक्य उत्तरेश्वर ऑफिसात इतक्यांदा बोलला होता, की चहाच्या मशीनलाही ते पाठ झालं असावं. आणि का बोलू नये? कंपनीचे मेलसुरक्षेचे नियम त्यानेच तर लिहिले होते! घरीदेखील बायको नम्रता आणि बार्शीकडून आलेली आई गोदाबाई यांना त्याने धडा दिला होता : फोनवर 'हे तुम्हीच का?' असं आलं, की आधी 'नाही' दाबायचं, मग मला विचारायचं.

याच हुशारीच्या भरात त्याने लॅपटॉपचे दोन संसार मांडले होते. एकीकडे विंडोज, दुसरीकडे लिनक्स, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दोन वेगळ्या प्रणाली. एक जागं असलं की दुसरं झोपलेलं; मेलच्या लेखी ते दोन वेगळे संगणकच. ऑफिसची मेल विंडोजवर चालायची, पण सुट्टीत आपलं काम कुणी कसं सांभाळायचं याची टिपणं त्याने लिनक्सवर लिहिली. तिथे म्हणे एकाग्रता होते!

सुट्टी हवी होती भाचीच्या, सृष्टीच्या लग्नासाठी. पोरीला मामा एकच, तो म्हणजे उत्तरेश्वर. साखरपुड्याला ऑफिसने सोडलं नव्हतं, तेव्हापासून सृष्टीची आई, म्हणजे त्याची आक्का, फोनवर फक्त "हं" म्हणायची. मामा पाठीशी उभा नसेल तर नवरीने बोहल्यावर चढायचं कसं?

"ह्या खेपंला दंडाला धरून न्यायलाच आलीया म्या," गोदाबाईंनी आल्या आल्या बजावलं होतं.

त्यात साहेबीण प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या होत्या, "शनिवारी दुपारी बाराच्या आत टिपणं मेलवर आली, तरच सुट्टी." लग्न रविवारी बार्शीकडे, आणि पुण्याच्या स्वारगेटहून बस शनिवारी दुपारी.

शनिवारी सकाळी उत्तरेश्वरने ऐटीत लिनक्स उघडलं आणि तिथून पहिल्यांदाच ऑफिसच्या मेलचा पासवर्ड टाकला.

त्याचा फोन आतल्या खोलीत बॅगेवर पडला होता. नम्रता साड्या भरत होती. फोन किणकिणला : 'वाघोली परिसरातून अनोळखी संगणकावर आपली मेल उघडली जात आहे. हे तुम्हीच का?'

"काय म्हंतोय गं फोन?"

"आई, कुणीतरी ह्यांची मेल उघडतंय!"

"मग बघतीस काय? दाब की न्हाई!"

नम्रताने दाबलं. बाहेर लिनक्सने जाहीर केलं, 'प्रवेश नाकारला.' उत्तरेश्वरने पुन्हा पासवर्ड टाकला. आत नम्रताने पुन्हा 'नाही' दाबलं. त्याने तिसऱ्यांदा टाकला.

"किती निगरगट्ट आहे मेला!" असं म्हणत तिने तिसऱ्यांदा दाबलं!

लिनक्स रुसलं असं समजून उत्तरेश्वरने ते बंद केलं आणि विंडोज उघडलं. तिथे मेल उघडली, पण वर लाल अक्षरांत सूचना होती : 'आपल्या खात्यात घुसण्याचे तीन प्रयत्न झाले.'

"चोर! आणि माझ्या मेलवर?"

"आम्ही पळवून लावला त्याला," नम्रता आतून आली. "तीनदा!"

"शाब्बास! याला म्हणतात शिकवण!" उत्तरेश्वरचा ऊर भरून आला. स्वतःवर संशय घ्यायची सवय माणसाला नसते, त्यातून नियम लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. त्याने ताबडतोब चोरीची तक्रार नोंदवली. क्षणात खातं सगळीकडून बंद झालं. त्याने ऑफिसातल्या मदतकक्षाला फोन लावला.

"सर, चोर तुमच्याच वायफायवर बसलाय," तिथल्या फैझलने सांगितलं.

वायफायचा पासवर्ड घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होता. वरच्या मजल्यावरचे बद्रीनाथ काका! उत्तरेश्वर लॅपटॉप काखोटीला मारून जिना चढला आणि दार उघडताच गरजला, "माझी मेल उघडता? नियम ठाऊक आहेत का?" काकांनी शांतपणे चष्मा पुसला.

"अहो, मला माझी मेल उघडता येत नाही. आपली उघडून वाचू काय? नियम? ते तर आपण लिफ्टमध्ये फुकट ऐकवता." मग त्यांनी विचारलं, "बरं, चोर नेमका येतो कधी?"

"मी विंडोजवर असलो की येत नाही. पण मी लिनक्सवर बसलो, की लगेच..."

उत्तरेश्वर थांबला. काखोटीचा लॅपटॉप त्याने हळूच पाठीमागे लपवला.

"पाणी देऊ?" काकांनी विचारलं.

आता फैझलला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

"सर, मला पटलं. पण नियम आहे. चोरीची तक्रार झालेलं खातं फोनवरून उघडायचं नाही. मालकाने समक्ष यायचं, सोबत ओळखीचा माणूस आणायचा. नियम... तुमचाच आहे."

बॅगा, रुखवताचं सामान, आई, बायको आणि लॅपटॉप असं सगळं एका रिक्षात कोंबून वरात खराडीच्या ऑफिसात पोचली. बारा वाजायला आले होते. उत्तरेश्वरला घड्याळाऐवजी आक्काचा चेहरा दिसत होता. फैझलने गंभीरपणे नियमातला पहिला प्रश्न वाचला.

"हे तुम्हीच का?"

उत्तरेश्वर तोंड उघडणार, तोच गोदाबाई पुढे सरसावल्या. "आरं लेकरा, जल्म दिलाय म्या ह्याला! ह्योच त्यो! मालकबी ह्योच आन् चोरबी ह्योच!"

"आजी, एवढं पुरे," फैझल टेबलाखाली वाकला. काय पडलं होतं कोण जाणे, पण वर यायला त्याला वेळ लागला.

खातं उघडलं. लॅपटॉप लिनक्समध्ये सुरू झाला, फोनने परत विचारलं आणि या वेळी फोन उत्तरेश्वरच्या हातात होता. बाराच्या आत टिपणं गेली. मॅडमचं उत्तर आलं, "ठीक." एवढ्या दोन अक्षरांसाठी त्याला मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी मांडवात सृष्टी बोहल्याकडे निघाली. गुरुजींनी माइकवर विचारलं, "मुलीचे मामा कोण? आपणच का?"

आक्का समोर उभी होती, डोळे काठोकाठ भरलेले. उत्तर द्यायचं सोडून उत्तरेश्वरही रुमालाने डोळे पुसू लागला. गुरुजींनी माइक त्याच्या तोंडापाशी धरला, तेवढ्यात मागून नम्रता पुटपुटली आणि ते पुटपुटणं साऱ्या मांडवाने ऐकलं.

"अहो, ह्या खेपेला 'हो' दाबायचं!"