अर्ध्या मेंदूने झोपणारे केळसकर

डॉ. केळसकरांचा डावा कान मी सात वर्षांत फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये आणि पोहण्याच्या तलावात उघडा पाहिला आहे. एरवी त्यात काळ्या वायरच्या इअरफोनचं बूच असतं. दाढी करताना असतं, आमच्याकडे जेवताना असतं, जेद्दाच्या ऑगस्टात घामाने निथळत बसची वाट बघतानाही असतं. कुणी हटकलं, की ते उजवा कान पुढे करतात. "हा मोकळा आहे. बोल."

डाव्या कानाबद्दल आमच्या इमारतीत एकमत होतं. त्यात देवमाशांची गाणी चालू असणार. दुसरं काय असणार?

केळसकर आमच्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ. मी तिथलीच यंत्रं दुरुस्त करतो आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. वहिनी देवगडला शाळेत शिकवतात. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तोवर त्या तिकडे आणि हे इकडे. आयुष्यभर लोकांना झोपवणाऱ्या या माणसाला कधीतरी कळलं, की ज्याला सुखाने भूल देता येत नाही असा एक प्राणी आहे. तेव्हापासून त्यांची स्वतःची झोप उडाली.

"सामंता, आपण झोपलो तरी श्वास आपोआप चालतो. देवमाशाचं तसं नाही. त्याला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. पुरता झोपला तर मेला!"

"मग बिचारा झोपतो कधी?"

"अर्धा अर्धा! मेंदूची एक बाजू झोपते, दुसरी पहाऱ्याला. डॉल्फिनचं तर सिद्धच झालंय. मोठ्यांचं अजून पुरतं कळलेलं नाही." एवढं बोलून ते गंभीर होत, जणू मोठ्यांनी हे त्यांच्यापासून मुद्दाम लपवून ठेवलं आहे.

'मासा' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "देव म्हण, माझी हरकत नाही. मासा म्हणू नकोस. पोराला दूध पाजतो तो!" या दुधाचं त्यांनी आमच्या घरी गणपतीच्या जेवणात सविस्तर वर्णन केलं. श्रीखंडाची वाटी उचलून, चमचा उलटा धरून ते म्हणाले, "अगदी असं. इतकंच दाट. पाण्यात विरघळू नये म्हणून." अकरा माणसांनी आपापल्या वाट्या खाली ठेवल्या. ते श्रीखंड आमच्या घरात पुढे चार दिवस होतं, आणि बायको अजून मला त्याचा जाब विचारते.

त्यांचं ब्रीदवाक्यही तिथलंच. देवमासा पाण्यावर येतो तेव्हा आधी जुनी हवा फवाऱ्यासारखी बाहेर फेकतो आणि मग नवी घेतो. म्हणून केळसकरांचा सर्व प्रसंगांवर एकच सल्ला: "आधी सोड, मग घे." इकाम्याचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडलं, साहेब ओरडला, पोरगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, काहीही सांगा. "आधी सोड, सामंता. मग घे." मी सोडत असे. पुढे घ्यायला काही मिळत नसे, ही गोष्ट वेगळी.

आता असा माणूस समुद्रात उतरून देवमाशाची भेट घेणार, यात नवल नाही. नवल हे, की देवगडच्या या सुपुत्राला पोहता येत नव्हतं. "समुद्र ही मासे यायची जागा, आपण जायची नव्हे," असं त्यांच्या घराण्याचं मत होतं. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी ते मोडलं. क्वार्टर्सच्या तलावात ते हातपाय मारायला शिकले, पण खरी आवड वेगळीच. तोंड पाण्यात, नळी वर, आणि ओंडक्यासारखं निश्चल तरंगायचं. "मी अर्धा झोपायचा सराव करतोय." पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याने बुटांसकट उडी मारून त्यांना काठाला ओढून आणलं. डॉक्टरसाहेबांनी त्याला धन्यवाद दिले नाहीत, उलट त्याच्या श्वासाची गती मोजून ती फार असल्याचं सांगितलं.

मग सुरू झाल्या आमच्या शनिवारच्या सफरी. अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याची बोट, मी सोबतीला, आणि केळसकरांची एक अट. फोनची रेंज जाईल तिथवर बोट न्यायची नाही.

अबू सालेमने कपाळाला हात लावला. "दकतूर, इदर हूत मफी!" हूत म्हणजे देवमासा, आणि मफी म्हणजे नाही, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. "हूत उदर. बईद. बहुत दूर."

"रेंज?"

"उदर रेंज मफी!"

"मग इथेच थांब."

चार शनिवार आम्ही किनाऱ्यावरच्या इमारती दिसतील अशा अंतरावर थांबलो. डॉल्फिन दिसले, एक कासव दिसलं, वाहत आलेली प्लास्टिकची खुर्ची दिसली. मी म्हटलं, "केळसकर, गाणी फोनमध्ये भरून घ्या ना. रेंज कशाला हवी?" त्यांनी उजवा कान माझ्याकडून काढून घेतला आणि समुद्राकडे वळवला.

पाचव्या शनिवारी अबू सालेम वैतागला. "दकतूर, आज यल्ला, चलो, थोडा दूर. नहीं तो खलास, दूसरा बोट देखो." केळसकर फोनवरच्या दांड्यांकडे बघत होते. पाच होत्या. चार झाल्या. तीन, दोन. एक उरली तेव्हा त्यांनी हात वर केला. "बस्स."

दुपारचे बारा वाजले होते. मी सँडविच सोडत होतो. इतक्यात बोटीच्या उजव्या अंगाला कुणीतरी प्रचंड मोठा उसासा टाकला. फवारा उडाला, सुकटीच्या गोणीत डोकं घातल्यासारखा वास आला, आणि पाण्यातून एक काळी, लांबलचक, न संपणारी पाठ सरकत गेली.

"इलो!" केळसकर किंचाळले. सात वर्षं जपलेली प्रमाण मराठी समुद्रात पडली. "इलो रे इलो! सामंता, ब्रूडस जातीचो आसा! एकटोच आसा!"

लाइफजॅकेट होतंच. त्यांनी चष्मा चढवला, नळी लावली, शिडीवर दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. डाव्या कानाला हात लावला. देवमासा तिकडे दुसरा उसासा टाकत होता आणि हा माणूस शिडीवर पुतळा.

"अहो उतरा ना! जाईल तो!"

त्यांनी कानातलं बूच काढलं आणि फोनसकट माझ्या हातात दिलं. "फोन चालूच आहे, तिकडे सुलभा झोपल्ये. शनिवारी सकाळची शाळा असते, ह्या वेळी तिकडे अडीच वाजतात, ती पडते जरा. झोपेत तिचा श्वास अडकतो. मास्क दिलाय मशीनचा, तो लावत नाही. 'मी काय विमान चालवत्ये का,' म्हणते. तू मोज. श्वास थांबला की मोजायला लाग. वीसच्या वर गेलं तर ओरड, 'सुले, कूस बदल.' बदलते ती. झोपेतच बदलते."

"तुम्ही रोज हे..."

"रात्रीची मी अर्धीच झोप घेतो," ते म्हणाले आणि शिडी सोडली.

मी बूच कानात घातलं. सात वर्षांची देवमाशांची गाणी! आत एक पंखा फिरत होता, कुठेतरी कावळा ओरडत होता, आणि कुणीतरी श्वास घेत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. पुढे पाण्यात केळसकर ओंडक्यासारखे तरंगत होते आणि ती काळी सावली सावकाश त्यांच्याकडे वळत होती.

श्वास थांबला.

मी मोजू लागलो. सहा, सात. सावली त्यांच्या अगदी खालून निघाली. बारा, तेरा. केळसकर हलत नव्हते. अठरा, एकोणीस, वीस. मी फोनच्या वायरला तोंड लावून, भर तांबड्या समुद्रात, परक्या बायकोवर ओरडलो, "वहिनी, कूस बदला! अहो वहिनी, कूस!"

"सामंत भावजी?" पलीकडून टक्क जागा आवाज आला. "बुडाले तर नाहीत ना हे?"

"न... नाही. तरंगतायत. तुम्ही झोपला नव्हता?"

"'इलो' ऐकलं, मग ह्यांचा आवाजच येईना, तेव्हा माझा श्वास अडकला. ह्यांना पोहता येतं का धड!" मग आवाज खाली आला. "रात्रीचं खरं आहे हो, भावजी. पण दुपारी मी जन्मात कधी झोपल्ये? वह्या तपासायच्या असतात. पण मी पडल्ये म्हटलं की ह्यांचा जीव थाऱ्यावर येतो, घटकाभर तेही डोळा मिटतात. म्हणून पडून राहते, आणि श्वास जरा मोठ्याने घेते, ऐकू जावा म्हणून. तुम्ही सांगू नका हं."

मी कबूल केलं. तो शब्द आज मोडतो आहे, कारण केळसकर देवमाशांवरच्या इंग्रजी पुस्तकांपलीकडे काही वाचत नाहीत.

शिडी वाजली. केळसकर वर आले. निथळत होते, छाती फुगवून श्वास आतच धरून होते.

"आधी सोडा," मी म्हटलं, "मग घ्या."

त्यांनी सोडला. "किती?" हा पहिला शब्द.

"सतरा," मी म्हटलं. "मग बदलली कूस."

त्यांनी मान डोलावली. ओल्या हाताने बूच घेतलं, कानात घातलं, क्षणभर ऐकलं, आणि चेहरा सैल झाला. मग कुजबुजले, "त्याने पाहिलं माझ्याकडे, सामंता. एवढा डोळा. पाहिलं, आणि मग श्वास घ्यायला वर गेला."

"अहो, वहिनींना सांगा की!"

"झोपल्ये ना ती. उठल्यावर सांगतो."

आणि ते फळीवर बसून राहिले, पोटात एवढा मोठा देवमासा घेऊन. अबू सालेम मला खुणेने विचारत होता, काय झालं? मी केळसकरांच्या डाव्या कानाकडे बघत होतो.

दोन मिनिटं गेली असतील. केळसकर एकदम ताठ झाले.

"हां, सुले? आज इतक्यात उठलीस?"