अडतीस नंबरचं रडणं

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या तीन मजली कापडदुकानात बाळ आत नेता येतं, पण त्याचं रडणं पिशव्यांच्या काउंटरवर ठेवावं लागतं. यात नवीन काही नाही. आईनं दादाचं ठेवलं होतं, माझंही ठेवलं होतं, आणि दोन्ही धड परत मिळाली होती.

मी सांगतेय ते चोवीस वर्षांपूर्वीचं. रेवती सात महिन्यांची होती. तिची पहिली दिवाळी, म्हणून हेमांगीवहिनीला तिच्यासाठी झबलं-टोपडं घ्यायचं होतं, आणि जमलं तर स्वतःला एक साडी. मी नणंद म्हणून बरोबर. नणंदेनं गप्प बसावं असं कुठं लिहिलेलं नाही आणि मी बसतही नाही.

काउंटरवर उपाध्येकाका होते. आमच्याच गल्लीतले, रोजच्या येण्याजाण्यातले.

"किती महिने?" त्यांनी वही उघडली.

"सात," वहिनी म्हणाली.

"मग हरकत नाही. वर्षावरचं आम्ही घेत नाही. त्यात शब्द मिसळायला लागतात, झाकण बसत नाही."

त्यांनी स्टीलचा डबा रेवतीच्या तोंडाशी धरला आणि तिच्या पोटरीला हलकेच चिमटा काढला. ती रडली. सगळं आत गेल्यावर काकांनी झाकण लावलं, नाडी बांधली आणि अडतीस नंबरचा पितळी बिल्ला वहिनीच्या हातात दिला.

"एका दिवाळीला एकदाच काढता येतं, बरं का. बिल्ला सांभाळा."

पुढं दोन तास खरेदी झाली. झबलं मिळालं, आईला नऊवारी मिळाली, वहिनीनं तीन गठ्ठे उलगडायला लावून चौथ्यातली मोरपिशी साडी घेतली. रेवती माझ्या कडेवर डोळे मोठे करून बघत होती. भूक लागली असेल, दुपटं ओलं झालं असेल, तिचं तिला ठाऊक.

"किती शहाणी आहे ना आज?" वहिनी म्हणाली. मला ते काही पटलं नाही, पण दिवाळीच्या गर्दीत गप्प बाळ कुणाला नको असतं?

निघताना वहिनी ब्लाउजपीस बदलायला पुन्हा वर गेली. बिल्ला तिच्या पर्समध्ये. खाली रांग जिन्यापर्यंत आलेली. मी म्हटलं, ओळख कधी कामाला यायची मग? सरळ रांगेच्या पुढं गेले. "काका, आमचा डबा द्या की. बिल्ला वहिनीकडं आहे, येईलच ती." ओळखीच्या माणसाला नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. त्या वर्षी दुकानानं सगळ्या गिऱ्हाइकांना एकसारख्या केशरी पिशव्या फुकट दिल्या होत्या आणि डबेही त्याच पिशव्यांत ठेवले होते. काकांनी त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली. हात त्यांचा, पण तोंड माझं. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी येऊन वहिनीनं डबा उघडला. रेवतीनं आवंढा गिळला आणि रडायला लागली. आवाज जाडसर होता आणि शेवटाला लांब हेल. वहिनी तिला पाजायला पदर घेऊन बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"हे आमचं नव्हे," ती म्हणाली.

"अगं, रडणं ते रडणं," दादा म्हणाला. "त्यात आमचं-तुमचं काय?"

"मला पान्हा येत नाहीये."

रेवती ओढून ओढून दमली. बाटली तोंडाला लावली तर थुंकून टाकली. आई म्हणाली, डिंकाचे लाडू खा, दूध येईल. "दूध आहे हो आई," वहिनी म्हणाली, "ते कुणाच्या हाकेला येणार?" आणि ती रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायात चपला सरकवल्या आणि दोघींना घेऊन मी तशीच दुकानात परत आले.

काउंटरपाशी निपाणीच्या कुणी मगदूमबाई आधीच उभ्या होत्या. त्यांच्या हातात तशीच केशरी पिशवी, कडेवर आठ महिन्यांची पद्मा. त्यांचा बिल्ला एकोणचाळीस नंबरचा, पण त्यांची पिशवी मी नेलेली, म्हणून काकांनी आमची त्यांना दिली होती. बसस्टँडवर त्यांनी डबा उघडला होता.

उपाध्येकाकांनी चष्मा लावून नियम वाचला. "दोन्ही डबे उघडलेत. याच दिवाळीत दुसऱ्यांदा काढलं तर बाळ कायमचं मुकं होतं. पुढच्या दिवाळीला बदलून दिलं असतं, पण तेव्हा दोघी वर्षावरच्या."

"मग आम्ही काय करायचं?" मगदूमबाईंनी विचारलं.

"तक्रारवही आहे."

वहिनीनं पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'माझ्या मुलीचं रडणं निपाणीच्या मुलीला गेलं आहे.' खाली सही, तारीख. काकांनी शिक्का मारला.

तेवढ्यात पद्मा भुकेनं रडली. बारीक, तुटक, आमच्या रेवतीचं रडणं. वहिनीचा ब्लाउज क्षणात भिजला. ती तिथंच साड्यांच्या गादीवर बसली आणि रेवतीला पदराखाली घेतलं. रेवती घटाघटा प्यायली आणि झोपून गेली.

आता पद्मा उपाशी होती. मगदूमबाई वहिनीकडं बघत राहिल्या. तोंडानं मागणार तरी कसं? झोपलेल्या लेकराला रडव म्हणून कुणी आईला सांगतं का? वहिनीनं डोळे मिटले, "माफ कर गं बाळे" म्हणाली आणि रेवतीच्या पोटरीला चिमटा काढला. रेवती जाडसर आवाजात रडली, आणि मगदूमबाई भरल्या पदरानं खाली बसल्या.

पुढं वर्षभर हे फोनवर चाललं. रेवतीला भूक लागली की वहिनी निपाणीला फोन लावायची, मगदूमबाई रिसीव्हर पद्माच्या तोंडाशी धरायच्या. पद्मा हसत असली तर चिमटा. मग त्यांच्याकडून फोन आला की आमच्याकडून चिमटा. दोघी पोरी चांगल्या गुटगुटीत झाल्या. पोटऱ्यांवर मात्र कायम लाल ठिपके असायचे.

परवाच्या वैशाखात रेवतीचं लग्न झालं. मगदूमबाई पद्माला घेऊन आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या. पाठवणीच्या वेळी रेवती आईच्या गळ्यात पडून रडली, तेच जाडसर, तेच शेवटाला हेल. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण डोळे कोरडे. माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "आईच्या डोळ्यांत टिपूस नाही, बघा." मी वळून असं पाहिलं की पुन्हा कुणी बोललं नाही. पण वहिनीचं तोंड मला बघवेना. ती ऐकायची धडपड करत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत मगदूमबाई पदर छातीशी धरून हुंदके देत होत्या. त्यांनी मान वर केली, वहिनीकडं पाहिलं, आणि शेजारी बसलेल्या पद्माच्या दंडाला चांगला सणसणीत चिमटा काढला.

पद्मानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा मांडवाच्या दाराकडं, आणि ती रडायला लागली. बारीक, तुटक.

वहिनीनं रेवतीला घट्ट कवळलं. "हे आमचं," ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडली.