नाखवांचं मागचं दार

दर अमावास्येला आणि पुनवेला आमचे घरमालक बाळाराम नाखवा घराचं मागचं दार बिजागऱ्यांतून उचलून काढायचे, डोक्यावर घ्यायचे आणि खाडीवर निघायचे. दाराला मधोमध सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे ठोकलेले होते. त्यांत पाय अडकवून ते दारावर उभे राहायचे, पुतण्याच्या इंजिनवाल्या होडीचा दोर धरायचे आणि होडी सुटली की दारासकट पाण्यावरून धावायचे. वय पंचावन्न. परत येईपर्यंत घराला मागचं दार नसायचं आणि कालवण ठाण्याच्या आमच्या कोपरी गावातल्या मांजरांच्या स्वाधीन.

मी जालन्याकडचा. सहावीतून शाळा सोडलेली, ठाण्यात एका कारखान्यात लेथवर लागलेलो. खोली शोधताना पाच घरांतून नकार आला. सहाव्या घरात नाखवांनी एवढंच विचारलं, "मासली खातंस?"

मी घाबरत म्हटलं, "शिकेन."

"मंग ऱ्हा."

ते उपकार मी विसरलेलो नाही. पण माझी काळजीही तिथूनच सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी सहज विचारलं, "नाखवा, आज दार नाही काढायचं?"

"नाय. आज भांग हाय."

मालक भांग घेतो आणि वर तोंडावर सांगतो. गावी आईला कळलं तर? चार दिवस मी आतून कडी लावून झोपलो. शेवटी पुतण्याने, जनार्दनने, पोट धरून हसत सांगितलं की भरती कमी चढते त्या दिवसांना भांग म्हणतात, आणि अमावास्या-पुनवेला उधाण. "शालंत भूगोलात असतंय ना ह्ये, सातवीला?" असेलही. मी सहावीपर्यंतच पोचलेलो. तेव्हापासून नाखवा मला 'मास्तर' म्हणू लागले.

उधाणच लागायचं ते एका मोडक्या होडीसाठी. नाखवांनी आपली जुनी होडी किनाऱ्याच्या चिखलात कुशीवर रुतवून ठेवली होती. तिचं गोल पोट पाण्यातून निघून वर वर उभं होत गेलेलं. पाणी तिथवर फक्त उधाणालाच चढायचं. नाखवा वेगात येणार, दार त्या गोलाईवरून वर चढणार, टोकाला नाखवा हवेत उलटे होणार, डोकं खाली नि पाय वर, आणि पुन्हा सुलटे होऊन पाण्यावर टेकणार. असा बेत. प्रत्यक्षात टोकाला पोचलं की नाखवा एकीकडे जायचे आणि दार दुसरीकडे.

हे सगळं निघालं पडवीतल्या एका फोटोतून. कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचं पान. मागे नुसतं निळं आभाळ, भोवती उडालेलं पाणी, दोर धरलेला गोरा माणूस, पायांना फळी, आणि माणूस उलटा. "बगलंस? यो करतो तर आपुन का नाय?"

माझं काम किनाऱ्यावर बसायचं. दुपारी तीनला पाळी असायची, तोवर मोकळा. "उलटा झाल्यावं मना माजं काय दिसत नाय. तू बग नि सांग."

मला पोहता येत नाही, आणि दुसऱ्याचं बुडणंही बघवत नाही. ऐन वेळी माझे डोळे आपोआप मिटायचे. धप्प आवाज आला की उघडायचो. चिखलातून डोकं वर यायचं.

"काय, मास्तर?"

"जरासं राहिलं, नाखवा."

"जरासंच?"

"जरासंच."

या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली. जनार्दन बोलायचा, "काका, दार मोडंल कवातरी."

"सागाचं हाय."

"नि तुमी?"

"मी तुज्या बापाचा भाव हाय. चल, इंजिन चालू कर."

एका पुनवेला खांदा निखळला. महिनाभर भाताचा घासही डाव्या हातानं. तरी महिना सरताच पहिल्या उधाणाला दार डोक्यावर.

त्या दिवाळीला पडवी झाडताना मी फोटो पुसायला घेतला. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती. इंग्रजी मला येत नाही, पण अक्षर उलटं आहे एवढं कळतं. मी पान फिरवलं. अक्षरं सरळ झाली आणि माणूसही. तो नुसताच उंच उडालेला होता, चांगला सरळ.

दोन वर्षं, तो खांदा, आणि वर माझं 'जरासं'. सांगितलं तर या वयात माणूस खचायचा. नाही सांगितलं तर एक दिवस मान मोडायची.

फोटो होता तसाच परत लावून मी अंगणात गेलो. नाखवा जाळं शिवत होते. "नाखवा, तो फोटो उलटा लागलाय."

हात थांबला नाही. "हां."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तर, माजा जलम पान्यात गेला. फोटोत पानी वर पडतंय. मना पयल्याच दिसाला समाजलं."

मग जाळ्याकडे बघत पुढे बोलले.

"आमच्या हिरानं, माज्या बायकोनं लावलेला यो. बाजारात कुनी दिला तिला. लावला नि मना हाक मारली, बगा, मानूस उलटा उडतो. मी हसलो. तिचा तोंड येवढासा झाला. मंग बोललो, हाय, करतान असं लोका. मी पन करून दावीन. येवढी खूश झाली." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "त्याच पावसात तापानं गेली. दावायचं ऱ्हायलं."

पुढच्या उधाणाला मी किनाऱ्यावर बसलो तेव्हा पापण्या बोटांनी वर धरल्या होत्या. होडी गेली, दोर ताणला, दार गोलाईवर चढलं. टोकाला नाखवा दारासकट फिरले. क्षणभर त्यांचे पाय आभाळात होते आणि डोकं खाली, अगदी पडवीतल्या फोटोसारखे. मग पाठीवर, धप्प.

बराच वेळ गेला असं मला वाटलं. डोकं वर आलं.

"काय, मास्तर?"

"झालात, नाखवा. मी पाहिलं."

त्यांनी तोंडावरचा चिखल पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः दार बिजागऱ्यांत बसवलं. मी फोटोकडे हात नेला. "आता सरळ करू?"

"ऱ्हाऊ दे," नाखवा म्हणाले. "बरोबरच लावलाय तिनं."