पानिपतावरून ओट्याकडे

छावणीतली बायकापोरं घरी पोचल्याशिवाय लढणार नाही, असं घैसासांच्या जेवणाच्या टेबलावरच्या शिशाच्या मराठी फौजेनं संक्रांतीच्या सकाळी कळवलं.

मिरजेचे घैसास दर संक्रांतीला टेबलावर पानिपत मांडत आणि दर वर्षी हरत. समोरची फौज त्यांचे व्याही दाते वकील चालवत. जिंकल्यावर दाते वर्षभर, अगदी नातवाच्या बारशातसुद्धा, तोच विषय काढत. यंदा मात्र घैसासांनी तोफा अशा काही लावल्या होत्या, की दात्यांचा चेहराच उतरला. आयुष्यात एकदा तरी जिंकावं, एवढंच घैसासांना हवं होतं हो!

नेमके तेव्हाच सगळे स्वार पाठमोरे झाले. मागे बायका, पोरं, यात्रेकरू अशी गर्दी होती. घैसासांनी ती नुसती शोभेला ठेवली होती. फौजेच्या वतीनं एक जमादार पुढे आला. आवाज बारीक, पण बोलणं रीतसर.

"धनी, मागं आपली माणसं असली की हात चालत नाही. आधी त्यांना दक्षिणेला पोचवा."

दक्षिणेला स्वयंपाकघर होतं. इतिहासात असं घडलेलं नाही, हे घैसासांनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं.

"ठाऊक आहे," जमादार म्हणाला. "दर वर्षी आम्ही तिथंच असतो."

दात्यांनी चष्मा लावून नियम चाळले. मनाई कुठेच नव्हती, पण दर खेपेला एक चाल खर्ची पडणार होती. "व्याहीबुवा, तोवर तुमच्या तोफा गप्प राहतील," ते म्हणाले. "बघा बुवा."

घैसास तोफांकडे बघत बसले. जीव तुटत होता त्यांचा. मग त्यांनी कडेवरच्या पोरासकट एक बाई तळहातावर घेतली आणि ते ओट्याकडे निघाले.

दुपारपर्यंत त्यांच्या खेपा चालल्या. दाते आपल्या चाली निमूटपणे खेळत राहिले. घैसासांच्या पत्नी शरयूताईंनी मिसळणाचा डबा सरकवून ओट्यावर जागा केली आणि बशीत तिळगूळ कुस्करून ठेवला. शेवटचा यात्रेकरू पोचला तसे स्वार वळले आणि जिवाच्या आकांतानं लढले. पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी घैसासांनी एकेकाला उचलून कापसात ठेवलं. जमादाराला ठेवताना त्यांचे डोळे भरून आले.

पुढे नातवाच्या मुंजीत कुणीतरी दात्यांना नेहमीप्रमाणे विचारलं, यंदा पानिपतात काय झालं? पंगतीत शेजारी बसलेल्या घैसासांनी मान खाली घातली.

"यांची माणसं घरी पोचली," दाते म्हणाले, आणि त्यांनी मठ्ठा मागितला.