सासूबाईंच्या बॅगेतलं पाकीट

"आई, ते पाकीट द्या ना. अकराला बैठक आहे," टोस्टवर लोणी लावता लावता सूनबाई म्हणाली.

"बॅगेत आहे."

"मग काढा की."

"बॅगेला नंबरचं कुलूप आहे."

"मग नंबर लावा."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला, तो गिळायला जरा जास्तच वेळ लावला आणि म्हणाल्या, "नंबर पाकिटात आहे."

सूनबाईची सुरी टोस्टवर होती तिथेच थांबली.

सूनबाई कण आदळवणाऱ्या एका अगडबंब यंत्रावर काम करायची. जमिनीखालच्या बोगद्यात दोन्ही बाजूंनी प्रोटॉन सुसाट सोडायचे, समोरासमोर आदळवायचे आणि जे तुकडे उडतील त्यांची मोजदाद करायची. प्रोटॉनच्या पोटातल्या कणांना एकमेकांशी जखडून ठेवणारं जे तीव्र बल, त्याचा सिद्धांत कागदावर पन्नास वर्षं ठाकठीक होता. जितकी जोरात टक्कर, तितकी ही पकड सैल, असं तो सांगतो. प्रत्यक्ष टकरीत ती तेवढीच सैल होते का, हे सूनबाईने बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. सिद्धांत टिकला तर सगळे "छान" म्हणून जेवायला जाणार. मोडला तर तिचं नाव होणार.

आता, अशा कामात माणसाला हवं तेच उत्तर दिसायला लागतं. म्हणून या मंडळींनी स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची रीत पाडली होती. बाहेरच्या कोणीतरी तीन आकडी नंबर गुपचूप संगणकात घालायचा, संगणकाने तो प्रत्येक उत्तरात मिसळून दाखवायचा. काम संपलं की सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं आणि नंबर वजा करायचा. तोवर खरं उत्तर कोणालाच ठाऊक नाही. आठ महिन्यांपूर्वी गटप्रमुखांनी विचारलं, "गुपित राखेल असं कोण आहे?" सूनबाईने सासूबाईंचं नाव सुचवलं. टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढलेली बाई, दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडाला धरूनही पाहिलं नव्हतं. त्या ऐटीत आल्या, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, नंबर घातला, कागदावर लिहिला, पाकीट चिकटवलं आणि घरी नेलं.

"पण कुलपाला तोच नंबर कशाला लावलात?"

"दोन दोन नंबर कोण लक्षात ठेवणार?"

"मग एक तरी ठेवायचा."

"लिहून ठेवला होता ना. लिहिलेलं परत डोक्यात कशाला ठेवायचं?" मग सासूबाईंचा आवाज उतरला. "सुरुवातीला बहुतेक..."

सूनबाईने झटकन दोन्ही कान झाकले. बोटांचं लोणी कानांना लागलं. "सांगू नका, आई. अर्धाही सांगू नका. मला आधी कळला तर आठ महिने पाण्यात."

एवढ्यात नवरा आला. तो दातांचा डॉक्टर, त्यामुळे न उघडणाऱ्या गोष्टींची त्याला सवय होती. "हजारच तर नंबर. शून्यापासून लावत जातो," म्हणून त्याने बॅग मांडीवर घेतली. सूनबाईला दाराबाहेर उभं करण्यात आलं. चाकं कडक होती. पंधरा मिनिटांनी तिला राहवेना.

"किती झाले?"

"दोनशे..."

"गप्प बस. दोनशेपर्यंत उघडलं नाही म्हणजे नंबर दोनशेच्या वर, हे मला कळलंच की."

"काही कळलं नाहीये तुला. माझे मधले काही नंबर मघाशीच सुटलेत. मध्येच आईने विचारलं, चहा गरम करू का."

शेवटी त्याने पक्कड आणली. तशी सासूबाईंनी बॅग पोटाशी धरली. ती त्यांना निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी दिली होती. "हे कुलूप तुटलं तर मी घर सोडून जाईन. आणि बॅग नाही म्हणून कपडे हातात घेऊन जाईन. लोकांना दिसू दे."

नवऱ्याने पक्कड परत ठेवून दिली. सूनबाईने बॅग आणि सासूबाई दोघींना गाडीत घातलं. वाटेत ती एकदाच बोलली, "एवढं एकच काम सांगितलं होतं, आई." सासूबाईंनी बॅगेवरची धूळ पदराने पुसली.

प्रयोगशाळेच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

"बॅग उघडा."

"उघडत नाही."

"मग आत कशाला नेताय?"

"उघडायला."

त्याने वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण सोडलं.

सभागृहात साठ माणसं बसली होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उत्तर झळकत होतं, १२७८, अजून गुपित नंबर पोटात असलेलं. सूनबाईने झाला प्रकार सांगितला. गटप्रमुख डोक्याला हात लावून म्हणाले, "संगणक काही नंबर परत देणार नाही. आपणच तशी सोय केलीय. म्हणजे नवा नंबर घालून सगळं पहिल्यापासून." कोणीतरी हजार नंबर लावून बघू म्हणालं. चाकं कोणी फिरवायची यावर दोन तट पडले, आणि समिती नेमण्यापर्यंत गोष्ट गेली. सासूबाई पहिल्या रांगेत बॅगेवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून सूनबाईला आपल्या बोलण्याची लाज वाटली.

"बत्तीस वर्षांत एक पाकीट हरवलं नव्हतं गं," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेले खडूकाका पुढे आले. हे सिद्धांतवाले. यंत्राच्या जवळ कधी फिरकायचे नाहीत, खिशात कायम खडू. "हजार कशाला? पडद्यावर बाराशे अठ्ठ्याहत्तर. सिद्धांत सांगतो साडेआठशे. राहिले चारशे अठ्ठावीस. लावा."

"आणि सिद्धांत चुकीचा असला तर?" गटप्रमुखांनी विचारलं.

"तर उघडणार नाही. हेच बघायला जमलोय ना आपण?"

खुर्च्या सरकवत साठ जण बॅगेभोवती गोळा झाले. सूनबाईची मात्र पंचाईत झाली. कुलूप उघडलं तर सासूबाई सुटणार, आठ महिने वाचणार, पण सिद्धांत जिंकणार. नाही उघडलं तर कदाचित तिचं नाव होणार.

सासूबाईंनी चार, दोन, आठ लावले. खटका दाबला. कुलूप ढिम्म.

"नाही उघडलं," सूनबाई म्हणाली, आणि तिचा आनंद तिच्या स्वतःच्याच कानांना खटकला. खडूकाकांचा चेहरा खडूसारखा झाला होता. सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

सूनबाईने बॅग पुन्हा सासूबाईंकडे सरकवली. "माझ्या मोजणीत तीनचा फरक पडू शकतो, वर किंवा खाली. मीच काढलाय तो आकडा. आई, चारशे पंचवीसपासून एकतीसपर्यंत लावा."

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, काही नाही. एकोणतीस, नाही. सासूबाईंनी शेवटचं चाक शून्यावर आणलं, मधलं तीनवर सरकवलं.

कट्.

टाळ्या वाजल्या. पाकिटातल्या कागदावर टपालखात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ४३०. बाराशे अठ्ठ्याहत्तरातून ते गेले, आठशे अठ्ठेचाळीस उरले. सिद्धांत सुखरूप. खडूकाकांचा जीव भांड्यात पडला. गटप्रमुख "छान" म्हणाले आणि त्यांनी घड्याळात जेवणाची वेळ पाहिली.

"उत्तर आधीच माहीत होतं, तर एवढं मोजलं कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर आहे की नाही ते बघायला," सूनबाई पडेल आवाजात म्हणाली.

"मग बरोबर केलंस. मी पण कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते. कोणी शाबासकी देत नाही त्याची, पण बघितल्याशिवाय झोप लागत नाही."

सूनबाईला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

"पुढची मोजणी सोमवारपासून," गटप्रमुख म्हणाले. "नवा नंबर तुम्हीच घालाल का? तुमच्याइतकं गुपित राखणारं दुसरं कोणी मिळायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या पदर सावरून उठल्या. "वळा सगळे."

साठ तोंडं भिंतीकडे झाली. संगणकाच्या कळा तीनदा वाजल्या. कागद कुरकुरला. पाकीट चिकटवल्याचा आवाज आला, मग ते बॅगेत टाकल्याचा.

"बॅगेचा नंबरही बदलायला हवा," सासूबाई स्वतःशीच म्हणत होत्या. "जुना एवढ्या लोकांना कळलाय."

चाकं फिरू लागली. भिंतीकडे तोंड करूनच सूनबाई ओरडली, "आई, तोच नंबर नको, पाकीट आधी बाहेर..."

कट्.

"झालं, वळा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.