मकबूलमामूंचा गुरुवारचा भाग

आमच्या घरमालकांकडं दर गुरुवारी संध्याकाळी वीज जाते. ती कुणी बाहेरून घालवत नाही, मकबूलमामू स्वतः घालवतात. टीव्हीवरच्या सिरीजचा भाग संपून पांढरी नावं वर सरकायला लागली की मामू खुर्चीतून उठतात, अनवाणीच दारामागं जातात आणि घराचा मेन स्विच खाली ओढतात. टीव्ही बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, फातिमाचाचींचा, आवाज येतो, "लो, हो गया अंधेरा! मेरी चटणी मिक्सर में अटकी ना!"

"नावं सरकायला लागली," मामू अंधारातून खुलासा करतात. "आता टीव्ही आपोआप पुढचा भाग लावणार. कंट्रोलरनं शिट्टी दिल्याशिवाय गाडी सुटतेच कशी?"

पुढचा भाग आपोआप सुरू होऊ नये याची सोय टीव्हीतच असते. ती मी त्यांना दाखवली, त्यांच्यासमोर ते बटण बंदही करून दिलं. मामूंनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "सर, हे नुसतं म्हणायला बंद हाय. मेन स्विच म्हंजे खरं बंद."

मकबूलमामू भूमच्या एसटी स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायचं. मी पलीकडच्या वाडीवरून इथल्या कॉलेजात यायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळं परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ कुठं आणि कसा काढायचा, हे मला सांगणारंही कुणी नव्हतं. स्टँडच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो होतो, तेव्हा मामूंनी खिडकीतून हाक मारली. "ए पोरा, तिथं ऊन येतंय. आत ये. पण बोलायचं न्हाय, माझी अनाउन्समेंट चुकती." पदवीपर्यंतचा माझा बराचसा अभ्यास त्या केबिनमधल्या पंख्याखाली झाला. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा वरची खोली मला देताना मामूंनी एकच बदल केला. 'ए पोरा'च्या जागी ते 'सर' म्हणायला लागले, आणि कितीही विनवण्या केल्या तरी मागं आले नाहीत.

स्टँड सुटलं, पण त्यांच्या बोलण्यातून गाड्या गेल्या नाहीत. चाचींनी जेवायला हाक मारली की ते "लागली का फलाटाला?" असं विचारून मगच उठतात. पाहुणे उठायला लागले की "वाटेत थांबे घेऊ नका" म्हणून निरोप देतात. आणि टीव्हीच्या बाबतीत त्यांचा कायदा एका ओळीचा आहे. आठवड्याला एक भाग. गुरुवारी, संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर.

सगळी सिरीज एका दिवशी येऊन पडते, हे त्यांना मान्यच नाही. "मालकानं सगळ्या गाड्या एकदम स्टँडात आणून उभ्या केल्या, म्हणून आपण काय सगळ्यात बसायचं का?" असं ते विचारतात. आमच्या स्टाफरूममध्ये दर सोमवारी कुणीतरी डोळे चोळत येतं आणि रविवारात अख्खी सिरीज संपवल्याचं अभिमानानं सांगतं. हे मी मामूंना सांगितलं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. "म्हंजे भूममधी बसायचं, झोपून जायचं, अन् मुंबईत उतरल्यावर म्हणायचं, लई प्रवास केला. मधी गावं कोणती लागली, ते इचारा की त्येला!"

मामूंचं बघणं भाग संपल्यावर सुरू होतं. सध्याची सिरीज होती एका साखर कारखान्याच्या चेअरमनच्या खुनाची. संशय तिघांवर. एक डॉक्टर, एक धाकटा भाऊ आणि चेअरमनच्या गाडीचा ड्रायव्हर. शनिवारी दाढी करताना मामूंना डॉक्टरचा संशय यायचा. सोमवारी भाजी निवडताना ते भावाकडं वळायचे. ड्रायव्हरवर मात्र त्यांनी कधी बोट ठेवू दिलं नाही.

"डायव्हर खून करत न्हाय," ते ठामपणे सांगायचे. "म्या जिंदगीभर डायव्हर बघितलेत. ड्युटीवर असतो तवा त्येला टाइम नसतो, अन् ड्युटी सुटली की त्येला झोप येती."

"और आप की बीवी खून करी तो?" चाची विचारायच्या. "मेरे कू तो भौत टाइम है."

दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीवर गेलो आणि माझ्या हातून गुन्हा घडला. मोबाइलवर मी ती सिरीज शेवटपर्यंत बघून टाकली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी मामूंना ते कळलं. ड्रायव्हर पडद्यावर आला की मी उगीचच छताकडं बघत होतो म्हणे. मामूंनी भाग थांबवला. "सर, तुमी पुढच्या स्टॉपाला जाऊन आलात."

मी मान खाली घातली.

"सांगू नका. एक अक्षर न्हाय. उठा, तिकडं बसा." तेव्हापासून मला मामूंच्या खुर्चीमागं, धान्याच्या कणगीशेजारी स्टूल मिळालं. तिथून टीव्ही अर्धाच दिसायचा, पण मला तो बघायचा नव्हताच. मी मामूंना बघायचो. ड्रायव्हर निरपराध दिसेल असं काही घडलं की त्यांची टोपी आनंदानं हलायची, आणि मला फार अवघड व्हायचं. कारण खून ड्रायव्हरनंच केलेला होता.

या सगळ्या शिस्तीचं खरं कारण शुक्रवारी कळायचं. जुम्म्याची नमाज करून आले की मामू अंगणातल्या खाटेवर बसून येडशीला फोन लावत. तिथं रेल्वे स्टेशनच्या बाजूला त्यांचे थोरले भाऊ, हबीबचाचा, राहतात. मामू त्यांना भाईजान म्हणतात.

या दोघांचं बोलणं मामूंच्या मुलीच्या लग्नात तुटलं होतं. लग्नाच्या पत्रिकेवर बोलावणाऱ्यांची नावं घालायची होती. ती यादी मामूंनी स्वतः केली, आणि सवयीनं गाडीच्या मार्गाप्रमाणं केली. आधी भूमचे, मग बार्शीचे, शेवटी येडशीचे. छापून आली तेव्हा घरातला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यात खाली, बार्शीच्या साडूंच्याही खाली. हबीबचाचा लग्नाला आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता परत गेले. मामू समजावायला गेले, तर तोंडातून निघालं, "भाईजान, येडशी रूटवर शेवटीच येती ना!" हे ऐकून हबीबचाचांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर ईदेला फोन व्हायचा. मुबारक, खैरियत, आणि मग दोन्हीकडं नुसतं घसा खाकरणं. अशाच एका ईदेला, फोन ठेवायची वेळ आली असताना, घाबरून मामू विचारून बसले, "टीव्हीवर काय बघता?" हबीबचाचांनी त्या चेअरमनच्या खुनाचं सांगितलं. म्हणाले, परवाच पहिला भाग बघितला.

"मग थांबा तिथंच," मामू म्हणाले. "पुढं जाऊ नका. म्या येतो मागनं. दर गुरुवारी एक भाग बघू, अन् जुम्म्याला बोलू."

तेव्हापासून शुक्रवारचा फोन सुरू झाला. दोघं फक्त सिरीजबद्दल बोलायचे. तब्येत नाही, मुलंबाळं नाहीत, पत्रिका तर नाहीच. "न्हाय भाईजान, डॉक्टर! डॉक्टरच्या हाताला बघा की कंप हाय!" असं मामू ओरडायचे आणि चाची आतून भांडी हळू ठेवायच्या. फोन झाला की मामू दोन पोळ्या जास्त खायचे.

मग शेवटच्या भागाचा गुरुवार आला.

मी स्टुलावर जाऊन बसलो. मामू म्हणाले, "आज न्हाय. हिला सर्दी झालीय." चाचींनी पदर नाकाला न लावता माझ्याकडं बघितलं. पुढच्या गुरुवारी व्होल्टेज कमी होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाजारातून चालत आल्यानं त्यांचे पाय दुखत होते, आणि पाय दुखताना टीव्ही बघू नये असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर गाडी वेळेवर सोडली, त्यानं शेवटची गाडी तीन आठवडे अडवून धरली.

शुक्रवारी ते खाटेवर बसायचे, फोन मांडीवर घ्यायचे, आणि लावायचे नाहीत. भाग बघितलाच नाही, तर बोलणार काय?

चाचींनी मला जिन्यात गाठलं. "सर, तुमी शिकलेले मानूस, तुमाला दिसंना का? आखरी भाग बघितला की फोन खतम. न्हाय बघितला तरी फोन खतम. ये आदमी बीच में बैठा है." मग त्यांनी पदराखालून लोणच्याची बरणी काढली. "तुमच्या कॉलेजची सहल रामलिंगला जानार म्हनं. येडशीत भाईजानच्या घरी हे द्या. यांना सांगू नका."

रामलिंगहून परतताना मुलांना स्टेशनजवळ चहाला सोडून मी हबीबचाचांचं घर गाठलं. चेहरा मामूंचाच, फक्त दाढी जास्त पांढरी. त्यांनी बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"फोन येईना त्याचा," ते म्हणाले. "तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत ठणठणीत आहे. शेवटचा भाग बघायचं टाळतायत."

हबीबचाचांनी बरणी खाली ठेवली. "मग त्याला कळलं का? का सांगितलं कुणी, डायव्हर निघतो म्हणून?"

मी दचकलो. "चाचा, तुम्ही तर शेवटचा भाग बघितला नाही ना?"

ते ओशाळले. म्हातारा माणूस लाजतो तेव्हा कुठं बघावं ते कळत नाही. "बघितला," ते म्हणाले. "सगळीच बघितली होती मी. त्या ईदेच्या आधीच. नातवानं दोन दिवसांत दाखवली. पण तो फोनवर विचारत होता, अन् ठेवायची घाई करत नव्हता. मग म्हटलं, एकच भाग बघितलाय. नंतर दर जुम्म्याला मी बी चुकीचंच सांगत गेलो. कधी डॉक्टर, कधी भाऊ. त्याला डायव्हरचा लई कळवळा."

मी निघालो तेव्हा त्यांनीच दारापर्यंत येऊन पुढचं सांगितलं. "शेवटचा भाग त्याला एकट्याला बघू देऊ नका. त्याला लागंल. म्हणावं, भाईजान म्हणतो, दोघं इकडं या. इथं बसून बघू."

भूमला आल्यावर मी मामूंना निरोप तेवढा सांगितला. बरणीचं आणि बाकीचं मनात ठेवलं. मामू खाटेवर ताठ बसले. "असंच म्हणाले? दोघं या?"

"असंच. इथं बसून बघू म्हणाले."

"पत्रिकेचं काय?"

"पत्रिकेचा विषयच निघाला नाही."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग आत बघून ओरडले, "ऐकलं का? गुरुवारी येडशीला जायचंय." आतून लगेच उत्तर आलं, "मैं तो कपडे बी भरी." चाचींनी बॅग कधी भरली होती देव जाणे.

गुरुवारी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. चाची आधीच आत जाऊन बसल्या होत्या. मामूंना खिडकीशी जागा मिळाली होती. नव्या कंट्रोलरनं अनाउन्समेंट केली, त्यात मामूंनी नेहमीप्रमाणं दोन चुका काढल्या. मग गाडी सुरू झाल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"सर, डायव्हरनंच केलाय ना खून?"

मी उगीचच गाडीच्या टपाकडं बघायला लागलो.

"तुमी नका सांगू. म्या समजलो. एवढ्या वर्षांत बोलावलं न्हाय त्यांनी, अन् नेमकं शेवटच्या भागाला बोलावलं. मला वाईट वाटंल म्हणून बोलावलं." मामू हसले. "ते सगळी बघून बसलेत, हे बी मला म्हाईत हाय. त्या सिरीजमधल्या इन्स्पेक्टरची बदली होणार, हे त्यांनी मला लई आधी सांगून टाकलं होतं. बोलता बोलता तोंडातून गेलं त्यांच्या. म्या म्हटलं, अरे व्वा भाईजान, काय डोकं चालवता!"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

गाडी मागं सरकायला लागली होती. मामूंनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला.

"बोललो असतो, तर दुसऱ्या जुम्म्याला त्यांनी फोन कशाला उचलला असता?" ते म्हणाले. "आन् हे बघा, तुमाला त्यांचा फोन आला, तर मला कळलंय म्हणून सांगू नका. त्यांना सांगू द्या. धक्का बसल्यासारखं करायचं, ते म्या बघतो."