सगळं काढा

पन्नाशीला नोकरी सोडायची म्हणजे सोडायचीच, असं स्टोअरबाबूंनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, तेव्हा त्यांचं नुकतंच सेहेचाळिसावं संपलं होतं आणि ऐकायला बायको, सासूबाई आणि गळका नळ एवढेच हजर होते.

"माणूस कमी कमावतो म्हणून नाही अडकत, जास्त घेतो म्हणून अडकतो! आजपासून तीस दिवस विचार केल्याशिवाय या घरात एकही वस्तू येणार नाही!"

"पिठाची चाळणी फाटलीय," बायको म्हणाली.

"विचार सुरू करतो."

"जावईबापू," सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "तुमचा विचार होईतो पिठातले किडे निवृत्त होतील हो!"

हसा मंडळी, पण या माणसाचा हेतू शुद्ध होता. नदीच्या कडेने गावाबाहेर जाणारा एक रस्ता आहे. तो संपतो तरी कुठे, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी चालत जाऊन बघायचं ठरवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वीस वर्षं झाली. आता जिना चढताना बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ते गुडघे पुरते रुसण्याआधी आपण मोकळं व्हायचं, एवढंच बाबूंचं स्वप्न. म्हणून हा सगळा संयम.

पण मोह मोठा चिकट! एकदा फोनवर पाय चेपायचं यंत्र नुसतं बघितलं, तर पुढे आठवडाभर ते यंत्र बाबूंच्या मागे लागलं. बातम्या उघडल्या, यंत्र. हवामान बघितलं, यंत्र. बाबूंनी खरेदीची सगळी ॲपं चिडून फोनमधून उडवली. उरलं फक्त कारखान्याचं ॲप.

बाबू पंख्यांच्या कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळत. बेअरिंग संपली, पाती संपली, की या ॲपात मागणी लिहायची. साहेबांची मंजुरी वगैरे भानगड नाही, कारण वीस वर्षांत बाबूंनी एक स्क्रू जादा मागवला नव्हता. त्यात 'विचाराधीन' नावाची एक यादी होती. बाबूंना ती फारच आवडली. नाव कसं भारदस्त! त्यांनी आपले घरगुती मोह तिथेच कोंडायला सुरुवात केली आणि प्रत्येकापुढे शेरा मारला.

'पाय चेपायचं यंत्र. पाय आपलेच आहेत, हातही आपलेच आहेत.'

'मागे झुकणारी आरामखुर्ची. यात बसलो तर उठवणार कोण?'

'अंडी उकडायचं यंत्र. पातेल्याने काय घोडं मारलंय?'

एकतिसाव्या दिवशी दुपारी बाबूंनी यादी उघडली आणि आतल्या एकाही वस्तूवाचून आपलं अडलेलं नाही, हे बघून त्यांचा ऊर भरून आला. आता हे सगळे मोह काढून टाकायचे! खाली बटण होतंच. 'सगळं काढा.' बाबूंनी ते दाबलं. फोन किणकिणला. 'मागण्या काढल्या. धन्यवाद!'

त्या दिवशी बाबू घरी चालत गेले नाहीत, तरंगत गेले.

तीन दिवसांनी गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"बाबूसाहेब, खुर्च्या आल्यात."

"आपल्याकडे कसल्या खुर्च्या?"

"टेकलं की मागे आडव्या होणाऱ्या. बारा आहेत. एकीवर बसून बघितलं मी. तिथूनच बोलतोय, उठता येईना!"

बाबू धावत गेटवर पोचले तर मागून दुसरा टेम्पो शिरत होता. त्यात पाय चेपायची बारा यंत्रं. त्याच्या मागे अंडी उकडायची बारा. स्टोअरसमोर असा देखावा झाला, की जणू पंख्यांच्या कारखान्याने सासरी पाठवायला बारा मुलींचं सामान काढलंय!

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला.

"बाबू, 'सगळं काढा' का दाबलंत?"

"काढायचं होतं म्हणून!"

"अहो, काढा म्हणजे ऑर्डर काढा! ॲप बनवताना मी तुम्हालाच विचारलं होतं, या बटणावर काय लिहू? तुम्हीच म्हणालात, 'ऑर्डर देतात ती हॉटेलात. स्टोअरमध्ये ऑर्डर काढतात!' पुसायचं बटण वरती आहे. 'रद्द करा.'"

"आणि बारा बारा कशाला?"

"डझनाच्या खाली घ्यायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतंत."

बाबूंच्या पायांखालचा सिमेंटचा कोबा सरकला. वीस वर्षांची इभ्रत बारा आरामखुर्च्यांवर आडवी झाली होती. पन्नाशीला सोडायची नोकरी सेहेचाळिशीतच जाणार, म्हणजे आता दुसरी शोधायची, नव्याने सुरुवात करायची आणि तो नदीकाठचा रस्ता काही नशिबात नाही! त्यांनी घरी फोन लावला. "अगं, माझी नोकरी गेली," एवढंच कसंबसं बोलले.

अर्ध्या तासात बायको रिक्षातून उतरली, पाठोपाठ सासूबाई. सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, एका खुर्चीत ठाण मांडलं, यंत्राचं खोकं टराटरा फाडलं आणि त्यात पाय घातले.

"आई, अगं परत करायचंय ते!"

"करा ना. एवढा डावा पाय झाला की करा!"

तेवढ्यात साहेब आले. हातात यादीचा कागद, चेहरा दगडासारखा.

"हे शेरे कुणी लिहिले?"

"मी, साहेब." बाबूंचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा आला.

साहेब मोठ्याने वाचायला लागले. "'पातेल्याने काय घोडं मारलंय?'" मागे कामगारांत खसखस पिकली. बाबूंना वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं. साहेब पुढच्या ओळीवर आले आणि त्यांचा आवाज उगाचच उतरला.

"'चालायचे बूट, एक जोड तिचा, एक माझा. नोकरी सुटल्यावर घेऊ. तोवर देवा, तिचे गुडघे सांभाळ.'"

कोणी हसलं नाही. बायको एकदम पंख्याच्या पात्यांचे भाव वाचायला लागली. डोळ्यांना पदर कशाला लावावा लागला, ते तिलाच ठाऊक.

साहेबांनी घसा खाकरला. "आमच्या खरेदीप्रमुखाने गेल्या वर्षी विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर ट्रकभर चुकीचे स्क्रू घेतले. आणि तुम्ही एका अंड्याच्या यंत्रावर तीस दिवस विचार करता? बंद खोकी परत जातील, फोडलेली तुमच्या घरी. एक तारखेपासून खरेदी तुम्ही बघायची. अट एकच. साठीपर्यंत हलायचं नाही!"

बाबूंना हसावं की रडावं कळेना. नोकरी वाचली होती, ती चांगली चौदा वर्षांसाठी! त्यांनी केविलवाण्या नजरेने बायकोकडे बघितलं.

"हो म्हणा," ती म्हणाली.

"अगं, पण आपला रस्ता? पन्नाशी?"

"अहो, कारखाना साडेपाचला सुटतो. नदी काय पाचला बंद होते? वीस वर्षांत कधी विचारलंत का मला, 'संध्याकाळी येतेस का' म्हणून? बूट कुठायत?"

बूट सर्वांत शेवटच्या टेम्पोत होते. दोन जोड ठेवून घेतले. बाकीच्या दहांतले नऊ कामगारांनी तिथल्या तिथे पैसे मोजून उचलले, आणि शेरा वाचून दाखवला म्हणून की काय, दहावा साहेबांनी घेतला.

त्याच संध्याकाळी दोघं निघाली. बाबू रुबाबात पुढे. "गुडघे दुखले तर सांग हं, लाजू नकोस. मी आहे!" पहिला दिव्याचा खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्या खांबाशी बाबू फक्त नदी बघायला म्हणून थांबले. मग खांबाला हात लावून बघायला लागले. मग कठड्यावर बसून.

बायको पार वळणापाशी पोचली होती. तिथून तिने कमरेवर हात ठेवून हाक मारली,

"अहो, चला की! का तिथेच निवृत्त झालात?"